खनिजाचा पैसा हे उत्पन्न नव्हे : गोवा सरकार आणि विधानसभा सदस्यांना खुले पत्र

माननीय मुख्यमंत्री, खाण, अर्थ, शिक्षण व कौशल्य विकास या खात्यांचे मंत्री आणि गोवा विधानसभेचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर २०२२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या पहिल्या चार खाण ब्लॉकांचा लिलाव झाला. २०२४ मध्ये डिचोलीत पुन्हा यंत्रे लागली. तेव्हापासून खाणींवरच्या प्रत्येक चर्चेत तीनच प्रश्न ऐकू येतात : आणखी किती ब्लॉक, किती टन आणि कधी? हे खनिज संपेल तेव्हा डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे या पाच तालुक्यांतली माणसे कशावर जगतील, हा चौथा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तो जाहीरपणे विचारावा म्हणून हे पत्र.

आम्ही याच पट्ट्यात राहतो. आमच्यातले काही शाळा-महाविद्यालयांत शिकवतात, काहींनी खाणींवर अभियंता म्हणून नोकरी केली आहे, काही हिशेब तपासतात. आमची शेते आणि विहिरी इथे आहेत, मुलांच्या शाळाही इथेच आहेत. खाणी बंदच ठेवा असे आम्ही म्हणत नाही. त्यातून आलेला पैसा कुठे जातो आणि त्यातून माणूस घडतो की नाही, एवढ्यापुरते आमचे म्हणणे आहे.

सुरुवात हिशेबापासून करू, कारण बाकीचे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

घरातले सोने विकून महिन्याचा किराणा भरला, तर त्या महिन्याचे उत्पन्न वाढले असे कोणी म्हणत नाही. जमिनीखालचे खनिज ही तशीच मालमत्ता आहे. एकदा जहाजात चढले की ते परत येत नाही. तरीही रॉयल्टी (खनिज काढल्याबद्दल सरकारला द्यायचा वाटा) आणि लिलावाची रक्कम अर्थसंकल्पात महसुली जमा म्हणून दाखवली जाते आणि पगार, व्याज, अनुदाने यांत विरून जाते. वर्षाअखेरीस राज्याची मिळकत वाढलेली दिसते. प्रत्यक्षात मालमत्ता तेवढीच कमी झालेली असते, आणि ती घट कुठल्याही कागदावर लिहिली जात नाही.

एक उदाहरण मांडतो. डिचोलीचा पहिला ब्लॉक ६३.५५ टक्के बोलीवर गेला, म्हणजे खनिजाच्या किमतीचा तेवढा वाटा कंपनीने सरकारला द्यायचा. समजा तिथून वर्षाला १० लाख टन खनिज निघाले आणि भारतीय खाण ब्युरोने जाहीर केलेला सरासरी विक्री भाव टनाला २,००० रुपये आहे. म्हणजे खनिजाची किंमत २०० कोटी. त्यावर १५ टक्क्यांनी रॉयल्टी ३० कोटी. बोलीची रक्कम १२७ कोटी १० लाख. लिलावातल्या खाणींना रॉयल्टीच्या १० टक्के खाणबाधित भागासाठीच्या जिल्हा खनिज निधीत भरावे लागतात, ते झाले ३ कोटी. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला लोहखनिज स्थायी निधी विक्री किमतीच्या १० टक्के, म्हणजे विक्री याच भावाने झाली तर २० कोटी. भाव आणि टन आम्ही समजुतीसाठी धरले आहेत, टक्केवारी मात्र खरी आहे. आता वाटणी पाहा. १८० कोटींतले १५७ कोटी सरकारच्या रोजच्या तिजोरीत, २० कोटी पुढच्या पिढ्यांसाठी, आणि ज्यांच्या दारावरून ट्रक जातात त्यांच्यासाठी ३ कोटी.

ही आमची पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे.

२१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि स्थायी निधी उभारायला सांगितला, तो शाश्वत विकास आणि पिढ्यांमधील न्यायासाठी. या निधीसाठी न्यायालयाने खालची मर्यादा आखून दिली. ती आपण वरची मर्यादा समजून बसलो आहोत. दहा टक्के बाजूला टाकले की उरलेले नव्वद खर्च करायला मोकळे, असे त्या निकालात कुठेही लिहिलेले नाही.

दुसरी तक्रार भावाच्या लहरीची. गोव्याचे खनिज हलक्या प्रतीचे, बहुतांश ५८ टक्क्यांहून कमी लोहाचे. देशातल्या पोलाद कारखान्यांना ते फारसे नको असते, म्हणून ते चीनकडे जाते. २०१०-११ साली गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज बाहेर गेले. २०११ च्या सुरुवातीला ६२ टक्के लोहाच्या खनिजाचा जागतिक भाव टनाला १८० डॉलरच्या वर होता. डिसेंबर २०१५ मध्ये तो ४० डॉलरच्या खाली आला. मे २०२१ मध्ये २३० च्या वर गेला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ९० च्या खाली घसरला. मे २०२२ मध्ये केंद्राने निर्यात शुल्क ५० टक्के केले आणि नोव्हेंबरात हलक्या प्रतीवरचे काढून घेतले. अशा पैशावर कायमचे पगार आणि कायमच्या योजना बेतल्या, तर भाव पडल्यावर दोनच वाटा उरतात : कर्ज काढा, नाहीतर शिक्षण-आरोग्याला कात्री लावा. कात्री कुठे आधी लागते हे आम्हाला ठाऊक आहे. रिकामी शिक्षकपदे, न झालेली प्रयोगशाळा, बंद पडलेली बस. रस्त्याचे काम थांबले की लगेच दिसते. पाचवीतल्या मुलाचे गणित कच्चे राहिले, तर ते दहा वर्षांनी दिसते.

भाव पडायचीही गरज नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने नूतनीकरण झालेले ८८ खाण परवाने (लीज) रद्द झाले आणि १६ मार्चपासून काम पुन्हा ठप्प. सहा वर्षांत दोनदा संपूर्ण पट्टा बसला. दोन्ही वेळा सरकारची धाव ट्रकमालक आणि खनिज नदीतून वाहणाऱ्या बार्जच्या मालकांच्या कर्जमाफीकडे आणि मदतीच्या हप्त्यांकडे होती. त्या मदतीला आमचा विरोध नाही. बुडणाऱ्याला आधी बाहेरच काढायचे असते. पण या सगळ्या काळात ‘खाण अवलंबित’ हा शब्द रूढ झाला आणि तीच माणसांची ओळख ठरली. अवलंबन कमी करण्याचे पाच किंवा दहा वर्षांचे वेळापत्रक त्यासोबत आलेच नाही.

जगात हे इतरांनी केले आहे, काहींनी बिघडवलेही आहे. दोन्ही पाहण्यासारखे आहे.

नॉर्वेला १९६९ साली समुद्रात तेल सापडले. आज त्यांच्या निधीची चर्चा सगळे करतात. तो कायदा १९९० चा आणि पहिली रक्कम १९९६ सालची. पण त्याआधी त्यांनी एक गोष्ट केली होती, तिच्याकडे आपण दुर्लक्ष करतो. १९७९ च्या परवाना फेरीपासून परदेशी तेल कंपन्यांना सांगण्यात आले, की संशोधन नॉर्वेतल्या विद्यापीठांत आणि संस्थांत करून घ्याल तर पुढच्या परवान्यात त्याचा विचार होईल. त्यामुळे खोल समुद्रातल्या बांधकामाचे, पाइपलाइनचे, भूगर्भ मापनाचे ज्ञान देशात मुरले आणि आज ते ज्ञानही विकले जाते. निधी नंतर आला, माणसे आधी घडू लागली. आमच्या मते धडा हाच आहे.

बोट्सवाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा देशातले पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते. पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. त्यांनी अर्थसंकल्पाला एक साधा नियम लावला : शिक्षण आणि आरोग्य वगळता रोजचा जो खर्च आहे, तो हिऱ्यांशिवायच्या उत्पन्नातून भागला पाहिजे. हिऱ्यांचा पैसा शाळा, दवाखाने, रस्ते आणि निधीसाठी. या शिस्तीमुळे तो देश आफ्रिकेतल्या अनेक खनिजसंपन्न देशांहून पुढे गेला. पण तिथेच पुढची अडचणही दिसते. शाळा-विद्यापीठे झाली, तरी हिऱ्यांशिवाय दुसरा उद्योग तेवढा वाढला नाही, म्हणून शिकलेले तरुण बेकार राहिले. हिऱ्यांचा बाजार पडल्यावर सगळा देश हादरला आणि २०२४ च्या निवडणुकीत ५८ वर्षे राज्य केलेला पक्ष गेला. नुसत्या पदव्या वाटून भागत नाही. शिकलेल्या हाताला काम देणारी कारखानदारी आणि संशोधनाच्या जागा सोबतच वाढवाव्या लागतात. चिलीने २००८ पासून हजारो विद्यार्थी शिष्यवृत्तीवर परदेशी पाठवले आणि परत आलेल्या डॉक्टरेटधारकांना देशात पुरेशा जागाच नव्हत्या. चूक तीच.

आणि नाउरू. फॉस्फेटच्या जोरावर जगातल्या श्रीमंत देशांत गणले गेलेले हे बेट. निधी होता, पण त्यावर नजर ठेवणारे कोणी नव्हते. पैसा मेलबर्नमध्ये बावन्न मजली इमारत बांधण्यात घातला, ती २००४ मध्ये विकावी लागली. फॉस्फेट संपले, बेटाचा मधला भाग खणून ओसाड झाला. सत्तरी किंवा सांगेच्या डोंगरांकडे पाहताना आम्हाला नाउरू आठवतो, हे आम्ही मनापासून सांगतो.

आता आपल्या घरच्या गोष्टी.

गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या आहेत आणि खाणपट्ट्यातली बहुसंख्य मुले त्यांतच शिकतात. पाचवीला माध्यम बदलते आणि सगळे इंग्रजी होते. ज्यांच्या घरी इंग्रजी आहे, किंवा ज्यांना शिकवणी परवडते, ती मुले हा उंबरा ओलांडतात. बाकीच्यांचे गणित आणि विज्ञान त्याच वर्षी सुटते. मुलाला अपूर्णांक समजत नाहीत असे वरवर दिसते. खरे तर त्याला छेद आणि अंश मराठीत चांगले येत असतात, ‘डिनॉमिनेटर’ हा शब्द कोणी ओळखीचा करून दिलेला नसतो. दोन वर्षे हे साचत जाते. आठवीत वीज आणि बल येते, तेव्हा पायाच नसतो. बारावी विज्ञानाला न जाणारे मूल आठवीत गळालेले नसते, ते पाचवीतच गळालेले असते. पूर्वी अशा मुलांना टिप्परवर क्लीनर म्हणून लगेच काम मिळे, पुढे ड्रायव्हर आणि जमल्यास कर्ज काढून ट्रक. त्यामुळे ही गळती कोणाला बोचली नाही. ज्ञानावर चालणारी अर्थव्यवस्था हवी असेल तर संगणक पार्कच्या आधी या उंबऱ्याकडे पाहावे लागेल.

यावर उपाय महाग नाही. पाचवीचे पहिले आठ आठवडे सेतू वर्ग घ्या : संकल्पना मराठी-कोकणीत, मग तिची इंग्रजी संज्ञा, मग इंग्रजी वाक्य. पाचवी-सहावीच्या गणित आणि विज्ञानातल्या पाचशे संज्ञांची दुभाषी पुस्तिका प्रत्येक मुलाच्या हातात द्या. सातवीपर्यंत प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत छापा. वाचनाची चाचणी जूनमध्ये घ्या आणि डिसेंबरात पुन्हा घ्या, म्हणजे कोण मागे आहे ते वर्ष संपण्याआधी कळेल. हे काम आहे त्याच शिक्षकावर टाकले तर ते कागदावरच राहील, कारण त्याच्यावर आधीच तीन वर्गांचा भार असतो. शाळेमागे दोन दुभाषी शिक्षक वेगळे हवेत. पाच तालुक्यांतल्या शंभर शाळा धरल्या आणि शिक्षकाला वर्षाला ४ लाख ८० हजार दिले, तर खर्च ९ कोटी ६० लाख.

कौशल्य प्रशिक्षणाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. खाणी बंद पडल्या की तीन महिन्यांचे वर्ग निघतात : संगणक, शिवण, मोबाइल दुरुस्ती. वर्ग दिवसा, बहुधा शहरात. घर चालवणारा माणूस तीन महिने विनावेतन बसू शकत नाही, म्हणून ज्यांना गरज आहे ते येतच नाहीत आणि हजेरी दुसऱ्यांची भरते. प्रमाणपत्र मिळते, काम मिळत नाही.

एक्स्कॅव्हेटरच्या मेकॅनिकला आधीच काय येते ते पाहा. हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह, सील, डिझेल इंजिन, दाब मोजणे, आवाजावरून बिघाड ओळखणे. हे वर्गात सहज शिकवता येत नाही असे ज्ञान आहे. कुंडई किंवा वेर्ण्याच्या औषध कारखान्यात देखभाल विभागात जायला त्याला कमी पडते ते एवढेच : विद्युत आराखडा वाचणे, सेन्सर आणि पीएलसीची (यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाची) ओळख, आणि प्रत्येक कामाची लेखी नोंद ठेवण्याची सवय. औषध उद्योगात नोंद नसली तर केलेले काम झालेच नाही असे धरतात, आणि आमचे मेकॅनिक नेमके तिथेच अडतात. यासाठी नऊ महिने लागतात. तीन महिने वीज आणि आराखडे, तीन महिने नियंत्रण यंत्रणा, तीन महिने प्रत्यक्ष कारखान्यात. सोबत किमान वेतनाइतके विद्यावेतन, आणि डिचोली, होंडा व काकोड्याच्या आयटीआयमध्ये संध्याकाळचे वर्ग. कारखान्याने प्रवेशाच्या वेळीच जागांची हमी लिहून द्यावी, नाहीतर तुकडी सुरू करू नये. आणि दुसरी पाळी रात्री अकराला सुटते तेव्हा धारबांदोड्याला जाणारी बस हवी. बस नसेल तर वरचे सगळे वाया जाते. बार्जवरच्या सारंग (बार्ज चालवणारे) आणि इंजिन ड्रायव्हरांचेही तसेच : त्यांचा वीस-वीस वर्षांचा अनुभव २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखालच्या दाखल्यांत मोजून घ्या, म्हणजे त्यांना मांडवी-जुवारीच्या बाहेरही काम मिळेल.

संस्था आपल्याकडे नाहीत असे नाही. दोनापावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, गोवा विद्यापीठ १९८५ पासून, जुन्या गोव्याजवळ एला येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे केंद्र आहे, एनआयटी आहे, आयआयटी २०१६ मध्ये फर्मागुडीला आली. उणीव आहे ती त्यांच्या आणि खाणपट्ट्याच्या नात्याची. एक टन खनिज काढायला अडीच ते तीन टन माती बाजूला टाकावी लागते. मातीचे ते ढीग, म्हणजे डंप, पावसात ओघळतात, शेतात लोहयुक्त गाळ साचतो, भाताची मुळे गुदमरतात. काही खड्डे समुद्रसपाटीच्याही खाली गेले. ते कोरडे ठेवण्यासाठी रात्रंदिवस पाणी उपसावे लागते आणि आजूबाजूच्या भूजलाची पातळी खड्ड्याकडे उतरते. शिरगावच्या विहिरी आणि झरे असे आटले. उलट, काम थांबलेल्या खड्ड्यांतले पाणी उन्हाळ्यात खांडेपार नदीत सोडून ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राला दिले गेले आहे. डंप स्थिर कसा करायचा, गाळाने भरलेले शेत परत कसे पिकवायचे, खड्ड्यातले पाणी पिण्याजोगे आहे का, हलक्या खनिजातले लोह कसे वाढवायचे आणि मागे उरणाऱ्या गाळाचे काय करायचे, हे सगळे संशोधनाचे विषय आहेत. जगात जिथे जिथे खाणी बंद होत आहेत तिथे हे ज्ञान विकत घ्यावे लागते. गोवा ते विकणारा होऊ शकतो. आमच्या दृष्टीने ज्ञानाधारित अर्थव्यवस्था म्हणजे हे. काचेच्या इमारतीत बाहेरून आलेली कंपनी बसली आणि आमच्या मुलांना तिथे पहारेकऱ्याची नोकरी मिळाली, तर तिला ते नाव देता येणार नाही.

आयआयटीच्या कायमच्या आवाराच्या जागेचा विषयही इथेच येतो. काणकोणातले लोलये झाले, मग सत्तरीतले मेळावली. पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेल्या पण नावावर नसलेल्या जमिनीसाठी लोक रस्त्यावर आले आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला तो प्रकल्प तिथून मागे घ्यावा लागला. खाण जशी न विचारता आली तशी विद्येची संस्थाही न विचारता आली, तर लोक दोन्हींत फरक करणार नाहीत. खाणपट्ट्यात आधीच मोडलेली, न खणलेली सपाट जागा आहे : जुन्या कार्यशाळा, कचेऱ्या, ट्रकतळ. तिचे सर्वेक्षण आधी करा. डंपावर मात्र बांधू नका. भरावाची माती वर्षानुवर्षे बसत राहते आणि पाया एकसारखा टिकत नाही.

एवढे सांगून मागण्या मांडतो.

एक. येत्या अर्थसंकल्पासोबत खनिज हिशेब स्वतंत्र पुस्तिका म्हणून मांडा : प्रत्येक खाणीचे टन, प्रत, विक्री किंमत, रॉयल्टी, बोलीची रक्कम, स्थायी निधीत आणि जिल्हा खनिज निधीत जमा, आणि शिल्लक साठा. दर तीन महिन्यांनी ती संबंधित पंचायतींच्या फलकावर मराठीत आणि कोकणीत लावा.

दोन. कायदा करून रॉयल्टी आणि बोलीची रक्कम टप्प्याटप्प्याने स्थायी निधीत वळवा. पहिल्या वर्षी २० टक्के, पुढे दरवर्षी १० टक्क्यांची वाढ, नवव्या वर्षी पूर्ण रक्कम. एकदम वळवली तर अर्थसंकल्प कोसळेल, हे आम्हाला कळते. सावकाश वळवण्याचे कारण तेवढेच आहे.

तीन. निधीचे मुद्दल कोणालाही काढता येऊ नये. महागाई वजा जाता उरलेला परतावाच खर्चावा. बँकेत सात टक्के व्याज आणि महागाई पाच टक्के असेल, तर खर्चायला दोनच टक्के आहेत, सात नव्हेत. निधी केवळ ठेवींत न ठेवता पेन्शन निधींसारख्या शिस्तीने गुंतवा. देखरेख करणाऱ्या मंडळात विधानसभेने निवडलेले, विरोधी पक्षाला मान्य असलेले सदस्य असावेत आणि महालेखापरीक्षकांचा अहवाल दरवर्षी पटलावर यावा. हा परतावा सरळ नागरिकांच्या खात्यात वाटावा असे म्हणणारेही आहेत. अलास्का १९८२ पासून असे वाटते. त्यामुळे लोकांची निधीवर नजर राहते हे खरे आहे. तरी पहिली वीस वर्षे तो पैसा शिक्षणात जावा असे आमचे मत आहे.

चार. परतावा कशावर खर्चायचा ते कायद्यातच लिहा. निधी १,००० कोटींचा झाला आणि अडीच टक्के खरा परतावा मिळाला, तर वर्षाला २५ कोटी होतात. आमची मांडणी अशी : सेतू शिक्षक ९ कोटी ६० लाख, आयटीआयची यंत्रे आणि विद्यावेतन ५ कोटी, उच्च शिक्षणाच्या ४० शिष्यवृत्त्या प्रत्येकी १५ लाखांच्या म्हणजे ६ कोटी, आणि खाण पुनर्वसन व पाणी संशोधनासाठी ४ कोटी ४० लाख. इमारतींसाठी यातला एक रुपयाही नको. त्या जिल्हा खनिज निधीतून होऊ शकतात, आणि त्या निधीतही शाळा, आरोग्य, पिण्याचे पाणी यांना अग्रक्रम देण्याचा नियम आहेच. तो पाळा.

पाच. शिष्यवृत्तीला परतीची अट घाला. कझाकस्तान १९९३ पासून ‘बोलाशाक’ शिष्यवृत्ती देतो. त्यात परत येऊन पाच वर्षे देशात काम करावे लागते आणि त्यासाठी मालमत्तेची हमी द्यावी लागते. दहा हजारांहून अधिक माणसे तशी घडली. हमीची अट आमच्याकडे गरिबाला बाहेर ठेवील, म्हणून ती नको. सेवेचा करार पुरे. पण त्याआधी विद्यापीठात आणि खाण, जलस्रोत, कृषी खात्यांत तेवढ्या जागा मंजूर करा, नाहीतर चिलीसारखे होईल.

सहा. पुढच्या प्रत्येक ब्लॉकच्या करारात, केंद्राच्या नियमांत बसेल त्या मर्यादेत, इथल्या संस्थांकडून संशोधन करून घेण्याची आणि खाण बंद करण्याच्या आराखड्याचे काम इथल्या पदवीधरांना देण्याची अट घाला. प्रत्येक ब्लॉकभोवती किमान वीस विहिरींची पातळी दर महिन्याला मोजली जावी. मोजणारे त्याच गावचे प्रशिक्षित तरुण असावेत आणि आकडे सर्वांना खुले असावेत. उपशामुळे विहीर आटली की नाही, हा वाद मग आकड्यांवर मिटेल.

सात. बोट्सवानासारखा नियम अर्थसंकल्पाला लावा : शिक्षण आणि आरोग्याशिवायचा रोजचा खर्च खनिजाविनाच्या महसुलातून. एका वर्षात जमणार नाही. पाच वर्षांचे लक्ष्य ठेवा आणि दरवर्षी किती जवळ आलो ते अर्थमंत्र्यांनी सभागृहात सांगावे.

विरोधी पक्षाच्या सदस्यांनाही आमचे सांगणे आहे. खाणी सुरू करा किंवा बंद करा, या दोनच घोषणांत हा विषय अडकवू नका. पहिली आणि तिसरी मागणी खासगी विधेयक म्हणून आपणही मांडू शकता.

शंभर शाळांची यादी, संज्ञांच्या पुस्तिकेचा कच्चा मसुदा आणि नऊ महिन्यांच्या अभ्यासक्रमाचे वेळापत्रक आमच्याकडे तयार आहे. ते कोणत्याही खात्याने मागावे, आम्ही मोबदल्याशिवाय देऊ. या पत्राचे उत्तर येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी, मागणीनिहाय, लेखी आणि जाहीर मिळावे अशी विनंती आहे. जी मागणी मान्य नसेल तिच्यापुढे कारण लिहावे.

आपले,
डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे तालुक्यांतील काही शिक्षक, खाण अभियंते आणि हिशेब तपासनीस